तिसऱ्या खेपेसाठी एकर विकण्याआधी

कृषी खात्याचा माणूस आज बाळंतपणावर काय लिहितोय, असं वाटेल. पण परवा एका बागेत डावणी पाहायला गेलो, तर बागायतदार सुनेचंच बोलत बसले. शहरात टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार केला, दिवस गेले आणि दोन्ही खेपेला द्राक्षगर्भ निघाला. पिशवी साफ करावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "तिचं पोटच तसलं." सून आतून ऐकत होती. आता तिसऱ्या खेपेसाठी एकरभर जमीन काढायची म्हणतात.

द्राक्षगर्भात वारेला पाण्याने भरलेल्या फोडांचे घड येतात, बाळ वाढत नाही. बीजांडात आईची गुणसूत्रेच नसली, तर सगळी बापाची राहतात. एका बीजांडात दोन शुक्राणू शिरले, तर ४६ ऐवजी ६९ होतात. (आपली केळी तिप्पट गुणसूत्रांचीच, तिला चालतं, माणसाला नाही.) लॅबमध्ये १६ ते १८ तासांनी बीजांड तपासतात आणि दोनाऐवजी तीन केंद्रके दिसली तर ते बाजूला काढतात.

एकदा द्राक्षगर्भ झाला तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एखादी. मात्र वारंवार होणाऱ्या एका प्रकारात केंद्रके दोनच, गुणसूत्रेही दोघांची, त्यामुळे लॅबच्या चाळणीतून तो सुटतो. २००६ साली त्याचं मूळ एनएलआरपी७ या जनुकात सापडलं. बाईला आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच हे होतं. मामाच्या, आत्याच्या घरात सोयरिकी करणाऱ्या आपल्याकडे हे ध्यानात घ्यायला हवं. यात सुनेचा दोष काय? तिने काय ते मागून घेतलं?

म्हणून माझं म्हणणं, दोनदा झालं असेल तर आधी जनुकाची तपासणी मागा. तोच दोष निघाला तर तिच्याच बीजांडावर पुन्हा खर्च करणं म्हणजे नापीक बियाणं दुबार पेरणं. दात्या स्त्रीचं बीजांड घेतलं तर निरोगी मूल होऊ शकतं. २०२१ च्या कायद्याने त्याला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे.

आणि पिशवी साफ झाली म्हणजे काम संपलं नाही. रक्तातली एचसीजी खाली येईपर्यंत दर आठवड्याला, पुढे डॉक्टर सांगतील तितके महिने तपासा, तोवर दिवस राहू देऊ नका. काहींना यातून कर्करोग होतो. लवकर कळला तर बहुतेक सगळ्या बऱ्या होतात. त्या घरी हे कागद मागितले, तर पॅथॉलॉजीचा रिपोर्टच कुणी आणलेला नव्हता.