एका सेकंदाचा हिशेब
गोल्फचा पूर्ण स्विंग जेमतेम सेकंदभरात आटोपतो: काठी मागे नेण्याला साधारण पाऊण सेकंद, खाली आणण्याला त्याचा तिसरा हिस्सा. मनगटाच्या पट्ट्यात किंवा काठीच्या मुठीवर बसवलेला इवलासा सेन्सर या हालचालीची नोंद घेतो. त्यातला अ‍ॅक्सिलरोमीटर त्वरण मोजतो, जायरोस्कोप फिरण्याचा वेग. खरी पंचाईत होते ती फटका बसताना. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरचं (सर्वात लांब काठीचं) टोक त्या वेळी सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने येतं आणि चेंडूला चिकटून राहतं अवघा अर्धा मिलिसेकंद. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या सेन्सरच्या दोन नोंदींमध्ये ते अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. फटका मधल्यामध्ये निसटतो, हाती लागतो तो नंतरचा हादरा. शिवाय जायरोस्कोपची बारीक चूक साचत जाते, म्हणून काठी चेंडूमागे स्थिर धरलेली असतानाच शून्य जुळवून घ्यावं लागतं. मग मशीन लर्निंगची पाळी. ‘स्लाइस’, ‘हुक’ (चेंडू एका किंवा दुसऱ्या बाजूला वळवणारे दोष), ‘सरळ’ अशी नावं आधीच दिलेल्या स्विंगांवरून मॉडेल शिकतं. इथली फसगत नेहमीची: एकाच खेळाडूचे स्विंग शिकवणीतही आले आणि परीक्षेतही, की मॉडेल दोषाऐवजी माणूसच ओळखू लागतं, आणि गुण मात्र भरघोस मिळवतं. व्हिडिओवर चालणाऱ्या पद्धतींसाठी २०१९ साली गोल्फडीबी हा १४०० चित्रफितींचा संग्रह आला. त्यात स्विंगचे आठ क्षण खुणा करून दिलेले आहेत. व्हिडिओत टिपलं जाणारं कमरेचं वळण मनगटावरच्या सेन्सरला मात्र दिसत नाही. त्यासाठी कमरेलाच दुसरा सेन्सर बांधावा लागतो.