पाचटाचे यंत्र आले, पात्यांचे काय?



पाचट जाळू नये, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते जाळले की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुराबरोबर जातो. तरीही तोडणी झाली की खेड, मावळ, मुळशीच्या शिवारात संध्याकाळी धूर दिसतोच. कारण उघड आहे. पाचट सरीत दाबायला माणूस नाही. घरची पोरं चाकण-भोसरीला पाळीवर जातात. म्हणून ट्रॅक्टरमागचे पाचट कुट्टी यंत्र आले, ते बरेच झाले.

परंतु यंत्र दारात आले म्हणजे काम झाले, असे आम्हांस वाटत नाही. अनुदान खरेदीला मिळते. पाती, बेल्ट, बेअरिंग आपल्याच खिशातून येतात. रोटर प्रचंड वेगाने फिरतो. दगडावर एक पाते तुटले तरी त्याचा तोल जातो. "आजचं रान उरकू, उद्या बघू" म्हणून तसेच रेटले की हादऱ्यांनी बेअरिंग जाते. तुटलेल्या पात्याबरोबर त्याच्या समोरचेही बदलावे, दोन्ही एका वजनाची असावीत. रोज ग्रीस द्यावे, नट आवळावेत. रानातले दगड, तारा, ठिबकच्या नळ्या आधी काढाव्यात. चालू यंत्रामागे कुणी उभे राहू नये, आणि ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय आत हात घालू नये.

बेअरिंग भोसरीत मिळेल. गेलेली पाळी मिळत नाही. यंत्र आठवडाभर उभे राहिले की खोडव्याला कोंब वर येतात. मग यंत्र घालता येत नाही आणि सभासद काडी ओढतो. म्हणजे वेळेवर ग्रीस दिले नाही, म्हणून पाचट जळाले!

चार-सहा एकरवाल्याने एकट्याने कर्ज काढून हे यंत्र घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा. पुढे ते लिंबाखाली गंजते, हप्ता मात्र थांबत नाही. आठ-दहा सभासदांनी मिळून घ्यावे. कुणी म्हणेल, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. खरे आहे. म्हणूनच यंत्र एकाच माणसाच्या हवाली असावे आणि त्याला त्याचा मोबदला द्यावा. पाळी तोडणीच्या क्रमाने लावावी, वशिल्याने नको. मालकानेही एकरी भाडे भरावे. त्यातला ठरावीक भाग दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाकावा. किती तास चालले, कधी तेल बदलले, हे वहीत लिहावे. गाळप सुरू होण्याआधी पाती आणि बेल्ट घरात आणून ठेवावेत.

साखर कारखाना आपण भागीदारीत चालवतो, बॉयलरची निगा दरवर्षी राखतो. मग एका यंत्राची का राखता येऊ नये? गटाच्या पुढच्या बैठकीत यंत्राच्या किमतीआधी एवढेच विचारा : ग्रीस कोण देणार?