पवित्र की सोवळं?

"ते घर फार पवित्र आहे हो," असं आमच्या ख्रिस्ती लोकांत एखाद्या कुटुंबाबद्दल कोणी म्हटलं, की मी विचारते, पवित्र म्हणजे नेमकं काय? आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. उत्तरं ठरलेली असतात. त्यांच्याकडे मालिका लागत नाहीत. बायका दागिने घालत नाहीत. मुलं सिनेमाला जात नाहीत. शेजारच्या गणपतीचा प्रसाद कोणी तोंडात घालत नाही. रविवारी स्वच्छ पांढरी साडी आणि हातात बायबल. बरं, हे सगळं 'नाही, नाही' झालं. ती माणसं करतात काय, हे कोणी सांगत नाही.

मला विचाराल तर ह्याला पवित्रपणा म्हणत नाहीत, सोवळं म्हणतात. रेशमी कदाच्या जागी पांढरी साडी आली, एवढाच काय तो फरक. ह्यात बोचणारी गोष्ट अशी, की आमच्यातल्या पुष्कळांचे पणजोबा-खापरपणजोबा ह्याच सोवळ्याच्या बाहेर उभे राहिलेले लोक होते. त्यांची सावलीसुद्धा चालत नव्हती. त्यांच्या पणतवंडांनी स्वतःचं नवं सोवळं तयार करावं आणि त्याला शास्त्राधार शोधावा, ह्याला काय म्हणावं?

शास्त्राधार आहे, हे मला मान्य आहे. अकोल्याचा माझा एक भाचा बायबल कॉलेजात शिकून आला आहे. तो म्हणतो, "मावशी, मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच 'वेगळं केलेलं' असा आहे. देव वेगळा, म्हणून त्याचे लोक वेगळे." अगदी बरोबर. पण वेगळं कशात? कपड्यात की वागण्यात?

ह्याचं उत्तर बायबलातच दिलेलं आहे. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, अशा अर्थाची आज्ञा लेवीयच्या १९व्या अध्यायात सुरुवातीलाच येते. कन्व्हेन्शनला येणारे वक्ते ती मोठ्या आवाजात वाचतात आणि तिथेच पुस्तक मिटतात. पुढे वाचत नाहीत. पुढे काय आहे? आईबापांचा मान राखा. शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. चहाड्या करू नका. म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहा (हे मी पुतण्यांना मुद्दाम वाचून दाखवते). आणि शेवटाकडे येतं ते वजन-मापाचं. काटा खरा ठेवा.

वऱ्हाडातल्या माणसाला ह्यात काय समजावून सांगायचं? पडलेलं धान्य गरिबांनी वेचून न्यायचं, ह्याला आपल्याकडे सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्या बाईला हाकलायचं नाही, ही देवाच्या लेखी पवित्रपणाची गोष्ट आहे. रूथ, जिचं नाव आपण आपल्या मुलींना हौसेने ठेवतो, ती दुसऱ्याच्या शेतात सरवाच वेचत होती. कापसाच्या वेचणीला आलेल्या बायांची मजुरी संध्याकाळी हातावर ठेवायची, मोजताना काटा दाबायचा नाही, हा त्याच अध्यायातला धडा आहे.

न्यायाने बोलायचं तर त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका, असंही आहे. पण टेरिकॉटच्या पँटी घालून पवित्रपणावर बोलणाऱ्या एकाही वक्त्याने मला ते सांगितलेलं नाही. म्हणजे ह्या अध्यायातलं काय सोडायचं ते आम्ही ठरवतोच. मग मजुरीचं तेवढं का सुटावं?

एका मंडळीत (गाव सांगत नाही, जवळचंच आहे) एका तरुण मुलाला गायनातून काढून टाकलं, कारण तो मित्रांबरोबर भंडाऱ्याला जेवला होता. त्याच मंडळीत पुढच्या बाकावर बसणारे एक गृहस्थ वेचणीच्या बायांचे पैसे कापूस विकेपर्यंत देत नसत. त्यांतली एक बाई मला म्हणाली होती, "बाई, देव पायते सारं, पन मालक काई देत नाई." त्या गृहस्थांना कोणी काही विचारलं नाही. उलट दरवर्षी साक्ष द्यायला उभं केलं. मुलगा नंतर चर्चमध्ये यायचाच बंद झाला, आणि लोक म्हणाले, पाहा, जगात गेला.

आता हे आमच्या वऱ्हाडात व्हावं ह्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण इथे मिशनऱ्यांनी आणलेली शिकवणच पवित्रपणाची होती. अकोल्याला ज्या अलायन्स मिशनने काम केलं, तिच्या शिकवणीत तारणाच्या खालोखाल पवित्रीकरण येतं. आणि त्या मिशनच्या जेनी फुलर ह्यांनी इथे राहून पुस्तक कशावर लिहिलं? 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड', म्हणजे इथल्या बायकांवर होणाऱ्या अन्यायावर. १९०० साली ते निघालं आणि प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्तीमध्ये दुष्काळातल्या मुलींना आणून ठेवलं. समाजाने ज्यांना 'बिघडलेल्या' म्हटलं, त्या बायांसाठी कृपासदन काढलं. पदर सांभाळत दूर उभ्या राहिल्या नाहीत.

नाझरीन मंडळी तर पवित्रपणाच्याच चळवळीतून निघालेली. १८९५ साली लॉस एंजेलिसमध्ये फिनिअस ब्रिझी ह्या पाळकाने ती गरिबांसाठी सुरू केली. ती वऱ्हाडात आली आणि वाशीमला १९३८ साली दवाखाना सुरू झाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. दवाखाना उभारणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी सारी उमेद त्या गावात घातली. पवित्रीकरणाचा सिद्धांत त्यांनाही पाठ असणारच. पण तो सिद्धांत अडलेल्या बाळंतिणीपर्यंत पोचला तो दवाखान्याच्या रूपाने. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनने कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला, तेही तसंच. आमचे काही भाविक म्हणतात, ते 'सामाजिक कार्य' झालं, पवित्रपणा वेगळा. मला ही फोड कधी कळली नाही.

कुष्ठरोग्याचं नाव निघालं म्हणून सांगते. हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकात एक प्रश्न आहे. पवित्र मांस पदरात बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. आणि मुडद्याला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर? ती मात्र विटाळते. म्हणजे विटाळ पसरतो, पवित्रपणा पसरत नाही. सोवळ्याचा सगळा हिशेब ह्यावरच चालतो, आपल्याकडचाही आणि यरुशलेमातलाही. येशूने हा हिशेब उलटा केला. मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो कुष्ठरोग्याला हात लावतो. लांबूनही बरं करता आलं असतं. पण हात लावतो, आणि येशू विटाळत नाही, तो माणूसच शुद्ध होतो. ज्याचा गुरू असा, त्याने शेजारणीच्या घरचा मोदक खाऊन विटाळायचं म्हणजे कमालच झाली. (प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना बरंच काही लिहिलं आहे, आणि ज्याचं मन खात नाही त्याने खाऊ नये हे मलाही मान्य आहे. पण न खाणं ही पदवी नव्हे.)

करिंथकरांवरून आठवलं. पौल त्यांना पवित्र जन म्हणतो, आणि लगेच पुढे त्यांची भांडणं, कोर्टकज्जे, गरिबांना उपाशी ठेवून केलेली जेवणं काढतो. म्हणजे पवित्र हे काही सर्टिफिकेट नव्हतं, लावून दिलेलं काम होतं.

भाचा म्हणतो, मावशी, तुम्ही पवित्रपणाला फार खाली आणता, दवाखाना नि मजुरीवर. अरे बाबा, मी कोण खाली आणणार? जखऱ्याचा शेवटचा अध्याय काढून बघ. महायाजकाच्या पागोट्यावरच्या सोन्याच्या पट्टीवर जे शब्द कोरलेले असत, परमेश्वरासाठी पवित्र, ते एक दिवस घोड्यांच्या घंटांवर असतील, असं तो सांगतो. आणि यरुशलेमातलं प्रत्येक भांडं, साधं स्वयंपाकघरातलं भांडंसुद्धा, वेदीपुढच्या कटोऱ्यासारखं पवित्र होईल. तिकडे घोडे, आपल्याकडे पोळ्याच्या बैलांच्या घुंगरमाळा. ते शब्द त्या घुंगरांवर आले, तर बैल हाकणाऱ्या सालदाराचा हिशेब बाकी ठेवता येईल का?

आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात, उपासनेनंतर लिलाव होतो, मोठी मजा असते. यंदा त्या दिवशी लेवीयचा १९वा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावा, मध्ये काही गाळू नये, असं मी पाळकांना सुचवलं आहे. कोण कुठल्या बाकावर बसतं हे त्यांनाही ठाऊक आहे. ते म्हणाले, "बघू, बाई."