यंत्राचा आकडा आणि माणसाचा झुरका

मा. संपादक महोदय यांस,


धूम्रपानाच्या हानीविषयी वृत्तपत्रांतून, दवाखान्यांतून आणि शासकीय प्रचारातून जे सांगितले जाते, त्यात ओढणाऱ्याला विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे दिवसाला किती. या एका उत्तरावरून धोका मोजण्याची रीत इतकी रूढ झाली आहे की, लातूरच्या शिकवणी परिसरातील टपरीवर सुटी सिगारेट घेणारा विद्यार्थी ‘दिवसाला दोनच’ म्हणून आणि किनवट किंवा मुखेडकडील मजूर ‘सिगारेट नव्हे, साधी बिडी’ म्हणून स्वतःला निर्धोक समजू लागतो. शरीरात प्रत्यक्ष किती विष उतरते, हे मात्र संख्येइतकेच, आणि पाकिटावरील वर्णनापेक्षा तर कितीतरी अधिक, ओढण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. ही गोष्ट लोकांसमोर आणि धोरणकर्त्यांसमोर स्पष्टपणे मांडली जाणे आवश्यक आहे.

सिगारेटमधील टार व निकोटिन यांचे जे आकडे जगभर प्रचलित झाले, ते माणसावरून घेतलेले नसून धूम्रपान यंत्रावरून घेतलेले आहेत. टार म्हणजे धुरातील कणरूप भागातून पाणी आणि निकोटिन वजा केल्यावर उरणारा चिकट अंश होय, आणि कर्करोगकारक द्रव्यांपैकी पुष्कळशी याच अंशात असतात. आंतरराष्ट्रीय मानक पद्धतीनुसार हे यंत्र मिनिटाला एक, दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा झुरका घेते. माणसाचा झुरका बहुधा याहून मोठा असतो, दोन झुरक्यांतील अंतर याहून कमी असते, आणि शिवाय तो मनःस्थितीनुसार, घाईनुसार व तलफेनुसार बदलत राहतो. त्यामुळे यंत्राचा आकडा दोन सिगारेटींच्या रचनेतील फरक दाखवू शकला, तरी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात काय गेले ते सांगू शकत नाही.

ही तफावत अपघाती नाही. निकोटिनची सवय जडलेले शरीर रक्तातील त्याची ठरावीक पातळी राखू पाहते, आणि सिगारेट ‘हलकी’ असेल तर ओढणारा नकळत अधिक खोल, अधिक मोठे व अधिक वेळा झुरके घेऊन ती उणीव भरून काढतो. संशोधक यालाच भरपाईचे धूम्रपान म्हणतात. अशा सिगारेटींच्या फिल्टरभोवती सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात, आणि यंत्रात त्यांतून हवा मिसळून धूर विरळ होतो, म्हणून आकडा कमी येतो. माणसाच्या हाती तीच छिद्रे बोटांनी किंवा ओठांनी झाकली जातात. संशोधक नील बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ओढणाऱ्यांच्या रक्तातील कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारे आणि त्याहून अधिक काळ टिकणारे द्रव्य, मोजून दाखवले की, कमी आकड्याच्या सिगारेटी ओढणाऱ्यांच्या शरीरात निकोटिन कमी जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये आणि त्या देशाच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने हा विषय पुढे नेला, आणि सिगारेटच्या रचनेत १९५० नंतर झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा, अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा, धोका उलट वाढला असा निष्कर्ष २०१४ च्या अहवालात नोंदवला गेला.

संख्या कमी केल्याचे समाधानही याच कसोटीवर तपासावे लागते. बेनोविट्झ यांच्याच १९८६ च्या प्रयोगात दिवसाला सरासरी ३७ सिगारेटी ओढणाऱ्यांना पाचवर आणले गेले, तेव्हा प्रत्येक सिगारेटमधून घेतलेले निकोटिन सुमारे तिपटीने वाढले, आणि टार व कार्बन मोनॉक्साइड यांचा दैनंदिन संपर्क निम्म्याच्या आसपासच घटला. कार्बन मोनॉक्साइड हा रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवणारा वायू असल्याने हृदयाच्या दृष्टीने ही बाब विशेष गंभीर ठरते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संकलित विश्लेषणानुसार, दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका निर्माण होतो, त्याचा जवळजवळ अर्धा भाग दिवसाला एकाच सिगारेटने पत्करला जातो. प्रमाण कमी करणे निरुपयोगी आहे असे यातून निघत नाही, कारण पूर्ण सोडण्याच्या वाटेवरील पायरी म्हणून त्याला निश्चित मोल आहे. परंतु त्या पायरीवरच थांबणाऱ्याला संरक्षण मिळाले, असे मानणे चुकीचे आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने या चर्चेतील सर्वांत दुर्लक्षित वस्तू बिडी ही आहे. बिडीत सिगारेटच्या तुलनेत तंबाखू फारच कमी, साधारण एकपंचमांश ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून ती सौम्य आहे असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात तेंदूपत्त्याच्या वेष्टनातून कागदाइतकी हवा आत शिरत नाही आणि बिडी लवकर विझते, म्हणून ती पेटती ठेवण्यासाठी वरचेवर व जोराने झुरके घ्यावे लागतात. म्हणजे ओढण्याची पद्धत येथे त्या वस्तूच्या घडणीनेच लादली जाते. हॉफमन, संघवी आणि वाइंडर या संशोधकांनी १९७४ मध्ये भारतीय बिडी आणि अमेरिकी सिगारेट यांच्या धुराचे तुलनात्मक रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि बिडीच्या धुरातील विषारी द्रव्यांचे प्रमाण कमी नसून काहींच्या बाबतीत अधिक असल्याचे त्यातून दिसले. शिवाय पैसे वाया जाऊ नयेत म्हणून थोटूक बोटांना चटका बसेपर्यंत ओढले जाते. आधीच्या झुरक्यांतील टार उरलेल्या तंबाखूत साठत जाते आणि शेवटच्या झुरक्यांबरोबर पुन्हा धुरात उतरते, त्यामुळे हे शेवटचे झुरकेच अधिक घातक ठरतात. भारतातील सुमारे ११ लाख घरांवर आधारलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी कमी होते. सिगारेटशी तुलना करून बिडीला सौम्य ठरवणाऱ्यांनी ही ६ आणि ८ वर्षे कोणत्या हिशेबात धरायची, याचे उत्तर दिले पाहिजे.

येथे असा आक्षेप घेतला जाऊ शकतो की, २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धुराविना तंबाखू वापरणारे प्रौढ २४.४ टक्के आणि धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के असताना धुराचीच चर्चा कशासाठी. त्याचे उत्तर असे की, ३.८ टक्के म्हणजेही लाखो माणसे आहेत, त्यांच्याभोवतीच्या घरातील बायका-मुलांच्या श्वासातही तो धूर जातो, आणि येथे मांडलेले तत्त्व तंबाखू-चुन्यालाही तितकेच लागू पडते. कारण तेथेही दिवसाच्या पुड्यांबरोबर चिमूट किती मोठी आणि ती गालात किती वेळ धरली जाते, यावर विषाची मात्रा ठरते.

या विवेचनातून काही ठोस मागण्या निघतात. पहिली मागणी कायद्याविषयी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ७ मध्ये पाकिटावर निकोटिन व टार यांचे प्रमाण छापण्याची तरतूद आहे, तर भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम ११ ची मार्गदर्शक तत्त्वे असे आकडे न छापण्याचा सल्ला देतात, कारण कमी आकडा वाचून ग्राहक त्याला आरोग्याची हमी समजतो. यंत्राद्वारे होणारी तपासणी उत्पादनांवर नियंत्रण ठेवण्यासाठी अवश्य व्हावी, बिडीचीही व्हावी, परंतु तिचे आकडे पाकिटावर कधीही येऊ नयेत, आणि त्यासाठी कायद्यातील ही तरतूद बदलावी. दुसरी मागणी सुट्या विक्रीविषयी आहे. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट व सुटी बिडी विकण्यास बंदी घातली. सुट्या विक्रीत पाकिटावरील ८५ टक्के जागा व्यापणारा इशारा ग्राहकाच्या नजरेसमोर येतच नाही, म्हणून लातूर व नांदेड येथील शिकवणी परिसरांत ही बंदी कागदावरून टपरीपर्यंत पोहोचवली जावी, आणि शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू न विकण्याचा नियम खासगी शिकवण्यांच्या परिसरालाही निःसंदिग्धपणे लागू करावा.

तिसरी मागणी वैद्यकीय आहे, आणि तिला खर्च सर्वांत कमी लागतो. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये यांच्या बाह्यरुग्ण विभागांत ‘दिवसाला किती’ या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले जावेत: सकाळी उठल्यावर पहिली बिडी किंवा सिगारेट किती वेळात पेटते, ती कुठपर्यंत ओढली जाते, आणि संख्या कमी केल्यापासून झुरके वाढले आहेत काय. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे उपकरण तंबाखूमुक्ती समुपदेशनाच्या प्रत्येक केंद्रात असावे, म्हणजे ‘दोनच ओढतो’ असे सांगणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या श्वासाचे मोजमाप दाखवता येईल आणि त्याच बैठकीत १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेशी त्याला जोडून देता येईल. सिगारेट हलकी असो, बिडी साधी असो किंवा संख्या घटलेली असो, तलफ आपली भरपाई वसूल करते, आणि म्हणून विषाचा संपर्क खात्रीने थांबवणारा उपाय पूर्ण सोडणे हाच आहे, हे प्रत्येक रुग्णाला इतक्याच स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नांदेड