होडी सरळ कां जात नाहीं?

ज्या घरांत पांचदहा मुलें एकत्र वाढतात, तेथें उन्हाळ्याची सुटी म्हणजे वडील माणसांची कसोटीच असते. यंदा पनवेलच्या आमच्या घरीं जमलेल्या मुलांनीं पत्ते आणि कैऱ्या यांवर समाधान न मानतां एक होडी केली. प्लायवुडची, आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, सपाट तळाची आणि बोथट तोंडाची. सांधे इतके नीट बुजविले होते कीं, आंत पाण्याचा थेंब येईना. सर्वांस कौतुक वाटलें. परंतु एका आप्तांच्या तळ्यांत ती सोडली तेव्हां निराळाच प्रकार झाला. उजवीकडून वल्हें मारावें तों होडी डावीकडे वळे. घाईनें डावीकडून मारावें तों ती उलट फिरून अर्धी गिरकी घेई. काठावरची धाकटी मंडळी हंसूं लागली, आणि ज्यानें सारी मेहनत केली तो आमचा चौदा वर्षांचा पुतण्या घरीं येऊन कोणाशीं बोलेना. घरांतील एका वडिलांनीं तर "ही भिंगरी मोडून टाका" असा निकालही दिला. तेव्हां माजघरांतून आजी म्हणाल्या, "मोडायला एक घटका पुरे. कां बिघडलें तें आधीं पाहिलें कां?"

हा प्रश्न आम्हांस शिरोधार्य वाटला. पनवेल हें जुनें बंदर. बोरघाटांतून १८३० सालीं गाडीरस्ता झाला, आणि देशावरचा माल व माणसें येथून गलबतांनीं मुंबईस जात. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी सुरू झाली व बंदराचें महत्त्व ओसरलें; तरी खाडीकांठचीं कोळी माणसें होडी विसरलेलीं नाहींत. अशाच एका वृद्ध नाखव्यांस मुलांनीं होडी दाखविली. त्यांनीं ती उलटी करविली, तळावरून हात फिरविला आणि म्हणाले, "हिला शेपूटच नाहीं!"

या तीन शब्दांत सारें शास्त्र आहे. वल्हें होडीच्या मध्यरेषेवर पडत नसून एका बाजूस पडतें. म्हणून प्रत्येक फटका होडीस पुढें ढकलतो तसाच थोडा वळवितोही. लांब, अरुंद आणि तळाशीं कणा असलेल्या होडीस हें वळण पाण्याच्या विरोधामुळें सहज घेतां येत नाहीं. आंखूड, रुंद व सपाट होडीस मात्र पाणी कोठेंच धरून ठेवीत नाहीं. ती ताटलीसारखी घसरते, आणि एकदां फिरूं लागली म्हणजे फिरतच राहते. बाणाच्या मागें पिसें लावतात तीं याच कारणासाठीं. आमच्या एका भाच्यानें मालवणकडील होड्यांप्रमाणें बाजूस उलांडी लावण्याचें सुचविलें. परंतु उलांडी असते ती होडी कलंडूं नये म्हणून. एकाच बाजूस पाण्यांतून ओढली जात असल्यामुळें ती होडीस आपल्याकडेच थोडी खेचते.

मग आम्हीं एका वेळीं एकच फेरफार करावयाचा असा नियम घातला. पन्नास फुटांवर एक बांबू रोविला. त्यावर नेम धरून एकाच बाजूनें वल्हवावें, आणि कितव्या फटक्यास होडीचें तोंड बांबूवरून ढळतें तें धाकट्या पुतणीनें वहींत टिपावें. आरंभीं दुसऱ्याच फटक्यास तें ढळे. वल्हविणारा फार पुढें बसत असल्यामुळें तोंड पाण्यांत दबून मागची बाजू मोकळी फिरत होती. बैठक मध्याच्या किंचित मागें नेतांच चार फटके साधले.

नंतर शेपूट. दोन फूट लांबीची एक फळी पुढें निमुळती व मागें चार इंच उंच अशी तासून पिछाडीस तळाखालीं उभी बसविली. पुढच्या टोंकापासून मागच्या टोंकापर्यंत सूत ताणून ती बरोबर मध्यरेषेवर आणली. कारण ही फळी थोडीही तिरपी बसली तर होडी जन्मभर एकाच अंगास जाईल. स्क्रूंचीं भोकें पुन्हां बुजविलीं. आतां सात फटके झाले. फळी याहून मोठी असती तर होडी वळविणेंच कठीण झालें असतें आणि उथळ पाण्यांत ती अडली असती.

राहिलें तें हातांचें काम. वल्हें होडीच्या वांकलेल्या काठाबरोबर न फिरवितां होडीस लगटून सरळ मागें ओढावें, आणि फटक्याच्या शेवटीं पातें किंचित बाहेर लोटावें. म्हणजे झालेलें वळण तेथल्या तेथें फिटतें. चार दिवसांच्या अभ्यासानें पुतण्या बाजू न बदलतां बांबूपर्यंत पोंचला. निकाल देणारे वडील त्या दिवशीं काठावर उभे होते. ते बोलले कांहीं नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं स्वतःच होडींत बसले!

यशानें धीर येऊन मुलांनीं खाडींत जाण्याची परवानगी मागितली. ती आम्हीं दिली नाहीं. तळ्याचें पाणी जागचें हलत नाहीं. खाडीचें पाणी दिवसांत दोनदां चढतें व दोनदां उतरतें. उधाणाच्या ओहोटींत पाण्याची ओढ लहान हातांस आवरत नाहीं, आणि पाणी ओसरलें म्हणजे होडी चिखलांत रुतून बसते. ज्यांस पोहतां येतें त्यांनींच, तरंगणारें जाकीट अंगांत घालून, कोणी मोठें माणूस काठावर असतां तळ्यांत जावें, एवढेंच ठरलें. पुतण्याचें तोंड क्षणभर उतरलें. परंतु नाखव्यांनींही तेंच सांगितल्यावर त्यानें तें मानलें.

आमच्या वाचकांच्या घरींही अशा भिंगऱ्या होत असतील. कोठें होडी, कोठें पतंग, कोठें एखादें मूलच. त्या मोडण्यापूर्वीं आजींचा प्रश्न एकदां विचारून पाहावा, इतकीच आमची विनंती.