शेवटचे दोन आकडे : वारली चित्र ‘इतर’ का?

१/
सीमाशुल्काच्या सूचीलाही इतिहास असतो असे म्हटले की आपल्यातले बरेच जण पुढच्या थ्रेडकडे वळतात. गड, तह आणि मोहिमा सोडून जकातीचे कोष्टक कोण वाचणार? परंतु डहाणू तालुक्यातल्या एका फळाला या कोष्टकात स्वतःचा क्रमांक आहे, आणि त्याच तालुक्यातून जगभर पोहोचलेल्या चित्रकलेला तो नाही. हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते बदलण्याची संधी अगदी जवळ आली आहे.

२/
आधी रचना पाहू. देशादेशांत ये-जा करणाऱ्या प्रत्येक मालाला एक संकेतांक असतो. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार आकडे शीर्षकाचे, सहा आकडे उपशीर्षकाचे. ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ नावाची ही यादी ब्रुसेल्समधील जागतिक सीमाशुल्क संघटना सांभाळते. तिचा करार १९८३ चा, अंमल १ जानेवारी १९८८ पासूनचा. ठरावीक वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती येते. अलीकडच्या तीन २०१२, २०१७ आणि २०२२ च्या. अच्छाडच्या नाक्यावरून तलासरी ओलांडून गुजरातेत शिरणाऱ्या मालाच्या बिलांवर जो ‘एचएसएन’ क्रमांक दिसतो, तो याच यादीतून आलेला आहे.

३/
यावर एक आक्षेप हमखास येतो : ‘परक्यांनी केलेल्या याद्या आपण का स्वीकाराव्यात? हे सार्वभौमत्व गहाण टाकणे नव्हे काय?’ आक्षेप घेणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. वसाहतकाळातला १९३४ चा टॅरिफ कायदा आपण १९७५ च्या कायद्याने मोडीत काढला. पुढे २८ फेब्रुवारी १९८६ पासून आपली सूची नव्या प्रणालीवर आणली, म्हणजे करार जगात लागू होण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. ही सक्ती नव्हती. तो आपण विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

४/
शिवाय कराराने बांधले आहेत ते फक्त पहिले सहा आकडे. त्यापुढे हवे तितके पोटविभाग करण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. भारताने २००३ मध्ये आठ आकडी सूची आणली. याचा सरळ अर्थ असा की सहा आकडे जगाचे आणि शेवटचे दोन आपले. सार्वभौमत्वाची काळजी वाहणाऱ्यांनी या दोन आकड्यांचे आपण काय केले, ते विचारावे.

५/
काही ठिकाणी फार चांगले केले. ०८१० ९० हे ‘इतर ताजी फळे’ अशा अर्थाचे जागतिक उपशीर्षक. ब्रुसेल्सच्या लेखी ती अडगळीची खोली. आपण तिच्यात आपली फळे नावानिशी बसवली : डाळिंब, सीताफळ, बोर, लिची. आणि ०८१० ९० ३० या क्रमांकावर चिकू. इंग्रजी सूचीत सपोटाच्या पुढे कंसात ‘चिको’ आणि सीताफळापुढे ‘आता’ असे आपल्या बाजारातले शब्द आले आहेत. घोलवडच्या वाडीतल्या फळाला ओळ मिळाली, ती या शेवटच्या दोन आकड्यांमुळे.

६/
आता प्रकरण ९७ उघडा : कलाकृती. ९७०१ हे हाताने काढलेल्या चित्रांचे शीर्षक. आठ आकडी भारतीय सूचीत त्याखाली तीन शैलींना नावे मिळाली : मधुबनी, कलमकारी आणि राजस्थानी, तिन्ही कापडावरच्या. चौथी ओळ होती ‘इतर’. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची वारली चित्रे त्या चौथ्या ओळीत गेली.

७/
ही चित्रे कोणाची? शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि भिंतीवरची ही लिपी कागदावर उतरू लागली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगाच्या कलादालनांत नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. डहाणू-घोलवड चिकूला ते त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये मिळाले.

८/
म्हणजे मध्य अमेरिकेतून आलेल्या फळाला सूचीत नाव आहे आणि याच मातीत जन्मलेली कला ‘इतर’ आहे. चिकूविषयी माझी तक्रार नाही. बागायतदाराला त्याचा हक्क मिळाला, तो योग्यच. माझा प्रश्न एवढाच की जे फळासाठी सुचले ते चित्रासाठी का सुचले नाही?

९/
‘ही केवळ तांत्रिक बाब आहे’ असे म्हणणाऱ्यांना याच भूमीतले एक उदाहरण देतो. मोहाचे फूल वारल्यांसाठी अन्न होते, गुरांचा चारा होता आणि दारूचा कच्चा मालही होता. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर मुंबई सरकारने यांपैकी शेवटचा उपयोग तेवढा खरा मानला. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या फुलांच्या साठ्यावर आणि विक्रीवर निर्बंध घातले. आजचे डहाणू-तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. फूल बदलले नव्हते. सरकारी दप्तरातला त्याचा रकाना बदलला, आणि घरात अन्न साठवणारा माणूस संशयित ठरला.

१०/
रकाना माणसाचे भले करतो किंवा नुकसान. जागतिक प्रणालीत भले करण्याची सोय आहे. ९७०१ मध्ये प्रवेश हवा तर चित्र संपूर्णपणे हाताने काढलेले असावे लागते. यंत्रावर छापलेले ‘वारली’ पोस्टर प्रकरण ४९ मध्ये जाते. कारखान्यात तयार झालेल्या तबकावर रंगवलेली नक्षीही ९७०१ मध्ये बसत नाही. हात आणि यंत्र यांतला जो भेद आपल्या शहरांतली दुकाने सोयीस्करपणे विसरतात, तो ही परकी यादी कसोशीने पाळते.

११/
तिच्यात एक उणीवही आहे. २०२२ च्या आवृत्तीने चित्रांचे दोन गट केले : शंभर वर्षांहून जुनी आणि बाकीची. पुरातन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराला आळा घालणे हा हेतू स्तुत्य होता. पण ही कसोटी वस्तूचे वय मोजते, परंपरेचे नाही. वारली भिंत दर काही वर्षांनी पुन्हा सारवली जाते आणि चित्र पुन्हा लिहिले जाते. कागदावरचे अगदी आरंभीचे चित्रसुद्धा २०७० च्या दशकाआधी शंभरी गाठणार नाही. परंपरा कितीही जुनी असो, सूचीच्या लेखी ती कालची.

१२/
जुने ९७०१ १० हे उपशीर्षकच त्या वेळी रद्द झाले. १ जानेवारी २०२२ पासून आपल्यालाही ते प्रकरण नव्याने मांडावे लागले. वारलीसाठी दोन आकडे मागण्याची ती वेळ होती. ती गेली. त्याआधी जुलै २०१८ मध्ये हस्तकलांसाठी वस्तू व सेवा कराची सवलतीची यादी निघाली, तेव्हाही म्हैसूर, राजस्थान, तंजावर, ताडपत्र आणि बसोली यांची नावे लिहून पुढे ‘इत्यादी’ लिहिले गेले. त्या ‘इत्यादी’त आपण होतो.

१३/
नाव नसल्याने काय बिघडते? निर्यातीची सरकारी आकडेवारी या आठ आकड्यांवरच उभी असते. ओळ नाही म्हणजे मोजणी नाही. किती चित्रे गेली, कोणत्या देशांत गेली, कोणत्या किमतीला गेली, हे सूचीवरून सांगता येत नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी व्यापारी वाटाघाटींत कोण भांडणार? आणि परदेशात कुणी ‘वारली’ म्हणून भलतेच विकले, तर खरा व्यापार किती हे कशाच्या आधारे मांडणार?

१४/
नुसत्या क्रमांकाने कलावंताचे घर चालत नाही, हे मान्य. मधला दलाल त्याने नाहीसा होणार नाही. हा व्यापार लहान आहे, स्वतंत्र ओळ कशाला, असाही युक्तिवाद होईल. पण राष्ट्रीय ओळ निर्माण करणे आपल्या हातात आहे, आणि भौगोलिक मानांकनाचा आधार घेऊन ती करता येते हे सरकारने दाखवून दिले आहे : २०२५ मध्ये मानांकनप्राप्त तांदळासाठी स्वतंत्र ओळी झाल्या. तांदळाला जमले, तांदळाच्या पिठाने काढलेल्या चित्राला का जमू नये?

१५/
पुढची जागतिक आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होईल. त्याआधी भारतीय सूची पुन्हा दुरुस्त होईल, आणि ही दुरुस्ती संसदेपुढे वित्त विधेयकातून येते. म्हणजे पालघरच्या खासदाराला हा प्रश्न विचारता येतो, वाणिज्य मंत्रालयाला निवेदन देता येते, आणि मानांकनाचे कागद जोडता येतात. मागणी एका वाक्याची आहे : ९७०१ खाली ‘वारली चित्रे’ ही स्वतंत्र ओळ, आधार कागद असो वा कापड.

१६/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण दप्तरे वाचतो आणि त्यांत कोणाची नावे राहून गेली ते शोधतो. १८९२ चे दप्तर आता दुरुस्त करता येणार नाही. २०२८ चे अजून लिहून व्हायचे आहे.