भीतीचा पुरावा

पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. आश्रय देणे म्हणजे काय, हे आपल्या भागाने तेव्हापासून पाहिले आहे. पण ती माणसे कुटुंबकबिल्यासह आली होती. समलिंगी माणूस आश्रय मागायला एकटा जातो, आणि बहुतेक वेळा त्याला भीती असते ती घरच्यांचीच.

हा विषय आपल्या वकिलीपासून दूरचा नाही. परदेशात असा अर्ज करणाऱ्याला कागद इथूनच लागतात: बहिणीचे प्रतिज्ञापत्र, मित्राचे निवेदन, कधी पोलीस ठाण्यातल्या नोंदीची नक्कल. नागपूर खंडपीठात पोलीस संरक्षण मागणाऱ्या जोडप्याची कागदपत्रेही आपल्याच टेबलावर तयार होतात. दोन्हीकडे आपली पहिली चूक एकच. आपण विचारतो, "तू तसा आहेस याचा पुरावा काय?"

मीही हे विचारले आहे. समोरच्या मुलाने खिशातून मोबाईल काढला आणि मान खाली घालून फोटो पुढे केले. मी नको म्हणायला हवे होते; मी पाहिले. तो पुन्हा आला नाही.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ डिसेंबर २०१४ रोजी नेमके हेच थांबवले. खासगी चित्रफिती पुरावा म्हणून घ्यायच्या नाहीत, शरीरसंबंधांचे तपशील विचारायचे नाहीत, आणि पहिल्या मुलाखतीत सांगितले नाही एवढ्यावरून माणसाला खोटे ठरवायचे नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले होते की भीतीपोटी लपून राहणाऱ्याला 'परत जा आणि लपून राहा' असे म्हणता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा देवू जी. नायर प्रकरणातला ११ मार्च २०२४ चा निकाल तर प्रत्येकाने टेबलावर ठेवावा: गंभीर धोका सिद्ध होण्याची वाट न पाहता जोडप्याला तात्पुरते संरक्षण आधी द्यायचे.

मग विचारायचे काय? भीतीबद्दल विचारा. धान निघाल्यावर घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा काय घडले? मोबाईल कोणी काढून घेतला? कोणत्या बाबाकडे, कोणत्या डॉक्टरकडे नेले? सगळ्यात आधी कोणाला सांगितले, आणि कोणत्या शब्दांत? आपल्या बोलीत या गोष्टीसाठी शिवीखेरीज शब्द सापडत नाही, म्हणून 'मला लग्नच करायचे नाही' एवढेच वाक्य वर्षानुवर्षे पुढे केले जाते. ते तसेच लिहा. त्याचे 'माझा लैंगिक कल भिन्न असून' असे केले की दहा प्रतिज्ञापत्रे एका साच्यातली दिसतात आणि वाचणाऱ्याला बनावाचा वास येतो. खोटे अर्जही येतात. ते ओळखू येतात तेही अशाच तपशिलांच्या अभावावरून. लग्न झालेले आहे, लेकरू आहे, म्हणून मात्र कोणाला खोटे समजू नका. आपल्याकडे लग्न कसे लावून दिले जाते, ते आपल्याइतके कोणाला माहीत?

एफआयआर नसेल तर का नाही, यावर वेगळा परिच्छेद हवा. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ मुळे तक्रारदारच आरोपी ठरण्याची भीती होती, आणि आजही ठाण्यात तोंड उघडणे म्हणजे गावभर होणे. परदेशातला अधिकारी विचारतो, मुंबईला जाऊन का राहिला नाही? घरच्यांनी मिसिंगची तक्रार दिली असेल, लोकेशन काढून त्याला गाडीत घालून आणले असेल, तर तारीख लिहा, ठाणे लिहा, गाडीत कोण कोण होते तेही लिहा.

आणखी एक. आपल्या आवारात टंकलेखक मसुदा मोठ्याने वाचून तपासतो, आणि समोरच्या बाकावर त्याच गावचा माणूस तारखेला आलेला असतो. असे प्रतिज्ञापत्र स्वतः, दार लावून टाइप करा. ते बहिणीला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर हळू आवाजात, तिच्या एकटीपुढे वाचा. आणि तिचा पत्ता त्यात घालण्याआधी तिला विचारा. तिला त्याच घरात राहायचे आहे.